दागिन्यांच्या व्यवसायातील आंतरराष्ट्रीय मानके आणि सामाजिक जबाबदारी : खरेदीच्या नोंदीपासून वार्षिक अहवालापर्यंत

सोने वितळले की त्याचा मागचा सगळा इतिहास पुसला जातो. लहान मुलांना राबवून काढलेले सोने आणि रीतसर चालणाऱ्या खाणीतले सोने एकाच मुशीत पडले, तर कसोटीच्या दगडावर दोघांची रेघ सारखीच उमटते आणि दुकानात किंवा कारखान्यात असलेले कोणतेही तपासणी यंत्र त्यांतला फरक सांगू शकत नाही. माल पाहून त्याचा उगम कळत नाही. तो कळतो मालाबरोबर आलेल्या कागदांवरून आणि तो माल हाताळलेल्या माणसांकडून. म्हणूनच या क्षेत्रातली जबाबदारीची मानके प्रामुख्याने नोंदी कशा ठेवाव्यात, पुरवठादाराला काय विचारावे आणि कामगाराशी कसे वागावे याबद्दल आहेत.

हा लेख लहान व मध्यम आकाराचे उत्पादक, घाऊक व्यापारी आणि विक्रेते यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. मोठ्या खरेदीदाराने प्रश्नावली पाठवली, की अशा व्यवसायांत धावपळ सुरू होते आणि पहिला विचार येतो तो कोणत्या तरी संस्थेचे सदस्यत्व घेण्याचा. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. खरेदीची नोंदवही नीट नसताना सदस्यत्व घेतले, तर लेखापरीक्षणाच्या वेळी कागदी घोडे नाचवण्यापलीकडे हाती काही उरत नाही. आधी नोंदी, मग पुरवठादारांची छाननी, त्याच वेळी स्वतःच्या कारखान्याची तपासणी आणि सर्वांत शेवटी प्रमाणपत्र, हा क्रम ठेवावा. या सर्व पायऱ्यांवर एकच कसोटी लावावी : नोंदीतून जेवढे दाखवता येते, तेवढाच दावा करायचा.

पहिली पायरी : कोणते मानक कशाबद्दल बोलते, हे समजून घेणे

शुद्धतेचा शिक्का, हिऱ्याच्या प्रतवारीचे (ग्रेडिंग) प्रमाणपत्र, कच्च्या हिऱ्यांसोबत जाणारे किंबर्ली प्रमाणपत्र आणि जबाबदार व्यवसायाचे प्रमाणपत्र हे चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देणारे कागद आहेत. व्यापारात मुरलेली माणसेही त्यांची सरमिसळ करतात आणि एकाची साक्ष दुसऱ्यासाठी काढतात.

शुद्धतेबाबत आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे ९२०२ क्रमांकाचे मानक आहे. त्यात मौल्यवान धातूचे प्रमाण हजारात किती, हे धरले जाते. १८ कॅरेट म्हणजे ७५० आणि २२ कॅरेट म्हणजे ९१६ ही लिहिण्याची पद्धत तीच. १९७२ साली व्हिएन्ना येथे झालेल्या हॉलमार्किंग करारानुसार सदस्य देश तपासणीची एक सामाईक खूण मान्य करतात. दागिना अंगावर घालणाऱ्याच्या सुरक्षिततेचे नियम वेगळे आहेत. युरोपीय संघात त्वचेशी दीर्घकाळ संपर्कात राहणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक निकेल सुटता कामा नये आणि टोचलेल्या छिद्रात जाणाऱ्या भागासाठी ही मर्यादा ०.२ मायक्रोग्रॅम आहे. तेथे दागिन्यांच्या धातूत कॅडमियम वजनाच्या ०.०१ टक्क्याच्या आत आणि शिसे ०.०५ टक्क्याच्या आत असावे लागते. या दोन्ही प्रकारचे नियम माल कोठून आला याबद्दल अवाक्षरही काढत नाहीत.

उगमाबद्दल बोलणारी मुख्य चौकट म्हणजे ओईसीडी या आर्थिक सहकार्य व विकासासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे संघर्षग्रस्त व उच्च जोखमीच्या प्रदेशांतील खनिजांविषयीचे मार्गदर्शन. ते २०११ साली आले, २०१२ मध्ये त्याला सोन्याची स्वतंत्र पुरवणी जोडली गेली आणि २०१६ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली. अमेरिकेच्या २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यातील संघर्षग्रस्त भागांतील खनिजांविषयीचे कलम १५०२ आणि १ जानेवारी २०२१ पासून पूर्णपणे लागू झालेला युरोपीय संघाचा २०१७/८२१ क्रमांकाचा नियम हे दोन्ही याच विचाराशी जोडलेले आहेत. युरोपीय नियम वर्षाला १०० किलोपेक्षा अधिक सोने आयात करणाऱ्यांना लागू होतो आणि तो धातूसाठी आहे, तयार दागिन्यांसाठी नाही. तरीही दागिने बनवणाऱ्याने निश्चिंत राहू नये, कारण मोठे खरेदीदार कायद्याची वाट न पाहता करारातच या अटी घालतात.

उरला वागणुकीचा भाग. व्यवसाय आणि मानवाधिकारांविषयीची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वे २०११ साली मान्य झाली आणि आज जवळपास प्रत्येक मानक त्यांचा आधार घेते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे मूलभूत करार त्याच तोलाचे आहेत. आयएसओ २६००० हे २०१० चे मानक सामाजिक जबाबदारी म्हणजे काय, हे उत्तम रीतीने समजावून सांगते, पण ते मार्गदर्शनपर आहे आणि त्याचे प्रमाणपत्र मिळत नाही. कोणी ते देऊ केले, तर तेथे पैसे घालवू नयेत. खास दागिन्यांसाठी रिस्पॉन्सिबल ज्वेलरी कौन्सिल ही संस्था २००५ साली स्थापन झाली. तिची दोन मानके नीट ओळखावीत : आचारसंहिता संपूर्ण व्यवसायाची वागणूक तपासते, तर चेन ऑफ कस्टडी हे मानक ठरावीक माल इतर मालात न मिसळता पुढे जातो की नाही, एवढेच पाहते. आचारसंहितेचे प्रमाणपत्र असलेल्या दुकानातली प्रत्येक अंगठी उगमापर्यंत शोधता येते, असा त्याचा अर्थ होत नाही.

दुसरी पायरी : आपल्याकडे येणाऱ्या मालाचा नकाशा काढणे

यासाठी गेल्या बारा महिन्यांतील खरेदीची बिले पुढ्यात घ्यावीत आणि आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूचा प्रवाह वेगळा काढावा : शुद्धीकरण कारखान्यातून आलेले चोख सोने, ग्राहकांकडून मोडीत घेतलेले जुने दागिने, दुसऱ्या कारखान्याकडून आलेले तयार किंवा अर्धवट भाग, नैसर्गिक हिरे, प्रयोगशाळेत घडवलेले हिरे, रंगीत खडे, मोती, पोवळे, मिश्रणासाठीचे धातू आणि झाळकामाचा डाख, म्हणजे सांधे जोडण्याचा मिश्रधातू. शेवटच्या दोन गोष्टी बहुतेक याद्यांतून सुटतात; पण कॅडमियम नेमके तिथूनच शिरते.

हे कसे करायचे, ते एका अंगठीवर पाहू. अंगठी ७५० शुद्धतेची आहे, मध्ये एक हिरा आहे आणि दोन्ही बाजूंना बारीक हिऱ्यांची ओळ आहे. तिचे सोने ओतकामाच्या एका घाण्यातून, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या मालातून आले. त्या घाण्यात नवे चोख सोने होते, मागच्या घाण्यातले उरलेले खोड आणि कातरण होते आणि मोडीतून गाळलेले काही सोनेही होते. मधला हिरा एका बिलावर, स्वतःच्या क्रमांकासह आला आहे. बारीक हिरे मात्र एका मिश्र पुडीतले आहेत आणि ती पुडी तीन वेगवेगळ्या खरेद्या एकत्र करून बांधलेली आहे. म्हणजे मधल्या हिऱ्याबद्दल निदान विक्रेत्यापर्यंत नेमके बोलता येते, सोन्याबद्दल तीन उगमांचे मिश्रण असे म्हणता येते आणि बारीक हिऱ्यांबद्दल तीन पुरवठादारांची नावे देण्यापलीकडे काही सांगता येत नाही. अशी दहा-बारा उत्पादने तपासली, की आपल्या साखळीत पाणी कुठे मुरते आहे, ते स्पष्ट दिसू लागते.

यानंतर नोंदवहीचे रकाने ठरवावेत. तारीख, पुरवठादाराचे कायदेशीर नाव, मालाचे वर्णन, वजन, शुद्धता, धातू नवा की पुनर्वापराचा, खाणीचा किंवा शुद्धीकरण कारखान्याचा देश, सोबत आलेली कागदपत्रे, पैसे कोणत्या मार्गाने दिले आणि हा माल कोणत्या घाण्यात गेला, एवढे रकाने पुरेसे आहेत. देशाच्या रकान्यात माहिती नसेल तेथे ‘अज्ञात’ असे स्पष्ट लिहावे. रिकामा रकाना आणि ‘अज्ञात’ लिहिलेला रकाना यांत फार मोठा फरक आहे. पहिला निष्काळजीपणा दाखवतो, तर दुसरा पुढच्या वर्षी कोणाला काय विचारायचे, ते सांगतो. ओईसीडीच्या मार्गदर्शनानुसार या नोंदी किमान पाच वर्षे जपून ठेवाव्या लागतात. १ जानेवारी २०१२ पूर्वीपासून जवळ असलेले सोने, ती तारीख पुराव्याने सिद्ध करता येत असेल, तर जुना साठा म्हणून वेगळे दाखवता येते.

तिसरी पायरी : धोरण आणि जबाबदार व्यक्ती

ही पायरी लवकर उरकते. दोन पानांचे धोरण पुरे; त्यात आपण कोणत्या परिस्थितीत माल घेणार नाही आणि शंका आल्यास काय करणार, हे लिहावे. ओईसीडीच्या मार्गदर्शनाच्या दुसऱ्या परिशिष्टात नमुना धोरण आहे आणि ते जसेच्या तसे स्वीकारता येते. छळ, सक्तीची मजुरी, बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार, लैंगिक हिंसा, सशस्त्र गटांना मदत, सुरक्षा दलांकडून होणारी बेकायदा वसुली, लाचखोरी, उगमाची खोटी माहिती, काळ्या पैशाचे व्यवहार आणि सरकारी देणी बुडवणे या जोखमी त्यात घेतलेल्या आहेत. धोरणावर मालकाची सही हवी आणि रोजच्या कामासाठी एका व्यक्तीचे नाव हवे. त्या व्यक्तीला खरेदी थांबवण्याचा अधिकार मात्र खरोखर द्यावा. खरेदी विभागाच्या हाताखाली बसून खरेदीवर लक्ष ठेवणे कोणालाच जमत नाही.

चौथी पायरी : पुरवठादारांची छाननी

ओईसीडीची पद्धत पाच टप्प्यांची आहे : व्यवस्था उभारणे, जोखीम ओळखणे, तिच्यावर उपाय करणे, साखळीतील ठरावीक ठिकाणी त्रयस्थ तपासणी करवून घेणे आणि दरवर्षी अहवाल देणे. दागिने बनवणाऱ्याने स्वतः खाणीपर्यंत जावे, अशी अपेक्षा यात नाही. जगभरातल्या असंख्य खाणींचे सोने तुलनेने मोजक्या शुद्धीकरण कारखान्यांतून पुढे जाते. म्हणून तपासणीची मुख्य जागा तिथे ठरवली आहे. लंडनच्या सोने-चांदी बाजाराच्या एलबीएमए या संस्थेच्या गुड डिलिव्हरी या मान्यताप्राप्त कारखान्यांच्या यादीतील सोने शुद्ध करणाऱ्या कारखान्यांना २०१२ पासून जबाबदार खरेदीच्या नियमांनुसार त्रयस्थ लेखापरीक्षण करवून घ्यावे लागते. आपले चोख सोने अशा यादीतल्या कारखान्याचे आहे का, हे लगडीवरच्या शिक्क्यावरून आणि अनुक्रमांकावरून पडताळून पाहणे हे लहानातल्या लहान व्यवसायालाही जमण्यासारखे काम आहे. यादी बदलत असते आणि नावे वगळलीही जातात, म्हणून ही पडताळणी प्रत्येक खरेदीच्या वेळी व्हावी.

धोक्याच्या खुणा शिकून घ्याव्यात. ज्या देशात सोन्याचे साठे किंवा उत्पादन मुळात थोडे आहे, त्या देशाचे नाव सांगून भरपूर माल येत असेल. ज्या मार्गाने संघर्षग्रस्त भागातले सोने बाहेर पडते, त्याच मार्गाने आपला माल येत असेल. भाव बाजाराच्या मानाने संशयास्पद स्वस्त असेल. पुरवठादार वारंवार कंपनीचे नाव बदलत असेल किंवा रोखीचाच आग्रह धरत असेल, तर व्यवहार थांबवून प्रश्न विचारलेच पाहिजेत. काळ्या पैशाविरुद्धच्या एफएटीएफ या आंतरशासकीय संस्थेच्या शिफारशींनुसार मौल्यवान धातू व रत्नांच्या व्यापाऱ्याने १५,००० डॉलर किंवा युरो आणि त्याहून अधिक रकमेच्या रोख व्यवहारांत ग्राहकाची ओळख पटवून घेणे अपेक्षित आहे. देशोदेशींचे कायदे यापेक्षा कडक असू शकतात आणि जे अधिक कडक असेल, ते पाळावे.

पुनर्वापराच्या सोन्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण इथे चांगल्या हेतूची माणसेही फसतात. पुनर्वापराचे सोने म्हणजे आपोआप निर्दोष सोने, अशी समजूत सर्वत्र पसरली आहे. खाणीतून ताजे काढलेले सोने ओबडधोबड दागिन्याच्या रूपात ओतून ‘मोड’ म्हणून विकले, तर त्याचा उगम एका रात्रीत धुऊन निघतो, आणि हीच जुनी युक्ती आहे. म्हणून मोड विकणारा कोण आहे, तो एवढा माल कोठून गोळा करतो, मालाचे रूप त्याच्या सांगण्याशी जुळते का, हे पाहिले पाहिजे. एका घरातून आलेल्या मोडीत वेगवेगळ्या काळाचे, वेगवेगळ्या घडणीचे, वापरून झिजलेले दागिने असतात. एकाच साच्यातल्या, न झिजलेल्या, एकसारख्या कसाच्या पन्नास बांगड्या समोर आल्या, तर ती मोड आहे, असे मानण्याआधी थांबावे. पुनर्वापराच्या सोन्याने नव्या खाणकामाची मागणी कमी होते, हाही मोठा दावा आहे. जुने सोने कचऱ्यात टाकण्याची पद्धत जगात कुठेच नाही आणि ते नेहमीच पुन्हा वितळवले जात आले आहे, हे लक्षात घेता असा दावा जपूनच करावा.

हिरे आणि खडे

अंगोला, सिएरा लिओन आणि काँगो येथील यादवी युद्धांना कच्च्या हिऱ्यांच्या विक्रीतून पैसा मिळत होता. त्यातून २००० साली दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली येथे चर्चेला सुरुवात झाली आणि किंबर्ली प्रक्रियेची प्रमाणन योजना २००३ मध्ये लागू झाली. कच्चे हिरे छेडछाड करता न येणाऱ्या बंद डब्यांतून, सरकारी प्रमाणपत्रासह आणि फक्त सदस्य देशांमध्येच जाऊ शकतात, हा तिचा गाभा. या योजनेने जगातल्या सरकारांना एका नियमाखाली आणले, हे तिचे मोठे यश आहे. परंतु तिची व्याख्या अरुंद आहे : वैध सरकार उलथवण्यासाठी बंडखोर गट ज्यांतून पैसा उभारतात, तेच कच्चे हिरे संघर्षाचे हिरे ठरतात. सरकारी सैनिकांनी खाणीवर अत्याचार केले, मुलांकडून काम करून घेतले किंवा पैलू पाडणाऱ्या कारागिराची मजुरी बुडवली, तर ते या व्याख्येत बसत नाही. शिवाय हिऱ्याला पैलू पडले, की प्रमाणपत्राची साखळी तिथेच संपते.

पुढचा दुवा हिरे उद्योगाच्या वर्ल्ड डायमंड कौन्सिल या संघटनेच्या हमीपत्र पद्धतीचा आहे. हिरे किंवा हिऱ्यांचे दागिने विकताना हिरे वैध मार्गाने आल्याचे निवेदन विक्रेता प्रत्येक बिलावर देतो आणि आता त्या पद्धतीत मानवाधिकार, श्रमिकांचे हक्क, लाचखोरी व काळा पैसा यांविषयीची तत्त्वेही समाविष्ट आहेत. हे निवेदन बिलावर छापून घेणे सोपे आहे. त्यामागे पुरवठादाराकडे खरोखर काय आहे, ते वर्षातून एकदा तरी जाऊन पाहावे. १ मार्च २०२४ पासून जी-७ देशांनी रशियात उगम असलेले, पण तिसऱ्या देशात पैलू पाडलेले एक कॅरेट व त्याहून मोठे हिरे रोखण्यास सुरुवात केली, तेव्हा ज्यांच्याकडे कच्च्या मालापर्यंतच्या नोंदी होत्या, त्यांचे काम हलके झाले.

रंगीत खड्यांचे चित्र याहून विस्कळीत आहे. त्यांचा मोठा भाग लहान, हाताने चालणाऱ्या खाणींतून येतो, पुड्या अनेक हातांतून जातात आणि किंबर्लीसारखी योजना इथे नाही. इथे उगमाचा देश, खरेदीची साखळी आणि खड्यावर केलेली प्रक्रिया, म्हणजे तापवणे, तेल किंवा काच भरणे, विकिरण देणे, या तीन गोष्टी बिलावर लिहून घेण्यापासून सुरुवात करावी. पोवळे आणि इतर सजीवांपासून मिळणाऱ्या वस्तूंसाठी धोक्यात आलेल्या प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय करारातील याद्या पाहाव्यात. लाल पोवळ्याच्या काही प्रजाती त्यात आहेत.

प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्याबद्दल आयएसओ १८३२३ हे २०१५ चे मानक स्पष्ट आहे : नुसता ‘हिरा’ हा शब्द नैसर्गिक हिऱ्यासाठीच वापरावा आणि दुसऱ्या प्रकारच्या हिऱ्याचा उल्लेख त्याच्या नावानिशी व्हावा. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१८ मध्ये आपली मार्गदर्शिका सुधारताना हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्द वगळला, तरी प्रयोगशाळेतील उगम ठळकपणे सांगण्याची अपेक्षा कायम ठेवली. बारीक हिऱ्यांच्या पुडीत हे दोन प्रकार मिसळण्याचा धोका सर्वाधिक असतो, म्हणून पुडी आत येताना यंत्राने तपासावी आणि जडावकामाहून परत आल्यावर पुन्हा तपासावी. दुसरी तपासणी बहुतेक जण टाळतात, आणि अदलाबदल नेमकी त्याच टप्प्यावर होऊ शकते.

पाचवी पायरी : जोखीम सापडल्यावर काय करायचे

छाननीत काहीच सापडले नाही, तर छाननी वरवरची झाली असे समजावे. सापडलेल्या जोखमीचे दोन गट पडतात. सक्तीची मजुरी, गंभीर अत्याचार किंवा सशस्त्र गटांशी संबंध यांची रास्त शंका आली, तर खरेदी तत्काळ थांबवायची. यात तडजोड नाही. लाचखोरी, बुडवलेली देणी किंवा सुरक्षा दलांची वसुली अशा बाबतीत मात्र पुरवठादाराबरोबर सुधारणेची लेखी योजना करता येते आणि सहा महिन्यांत मोजता येईल अशी ठोस सुधारणा दिसली पाहिजे, असे ओईसीडीचे मार्गदर्शन सांगते. ती न दिसल्यास व्यवहार थांबवायचा.

लहान खाणकामगारांच्या बाबतीत या नियमाचा अर्थ समजून घ्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार जगात एक ते दोन कोटी माणसे हाताने किंवा छोट्या साधनांनी सोने काढतात. ते पारा वापरतात, कारण तो स्वस्त आहे, चटकन मिळतो आणि सोने लगेच हातात येते. पारा व सोन्याचा गोळा उघड्यावर तापवला, की पाऱ्याची वाफ कामगाराच्या आणि जवळपास राहणाऱ्यांच्या श्वासात जाते. जगातील हवेत माणसामुळे मिसळणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा स्रोत हाच आहे. २०१३ साली झालेल्या आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू असलेल्या, पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारात उघड्यावर आणि वस्तीत असा गोळा जाळणे बंद करण्याची अपेक्षा ठेवली आहे. आपण जोखीम नको म्हणून अशा सर्व खाणींकडे पाठ फिरवली, तर ते सोने थांबत नाही. ते प्रश्न न विचारणाऱ्या दलालाकडे आणखी कमी भावात जाते. हात झटकून मोकळे होण्यापेक्षा आपल्या खरेदीचा छोटा हिस्सा का होईना, फेअरमाइन्ड किंवा फेअरट्रेड या मानकांखालील खाणींकडून घ्यावा. तिथे खाणकामगारांच्या संघटनेला किमान भावाची हमी आणि वर विकासासाठी अधिमूल्य मिळते. असे सोने महाग पडते, हे ग्राहकाला कारणासह सांगावे.

सहावी पायरी : आपला स्वतःचा कारखाना

दूरच्या खाणीची चिंता करताना शेजारच्या खोलीतील धुळीकडे दुर्लक्ष होणे, हे मला सर्वांत अक्षम्य वाटते. ओतकामाचा साचा घ्या. मेणाच्या प्रतिकृतीभोवती जे पांढरे पीठ ओततात, त्यात स्फटिकरूप सिलिका असते. कोरडे पीठ पिशवीतून उपसताना आणि ओतकामानंतर साचा फोडताना तिचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत उडतात, फुप्फुसात जाऊन बसतात आणि वर्षांनुवर्षांनी सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. खड्यांना पैलू पाडणाऱ्यांनाही हाच धोका आहे. उपाय माहीत आहेत आणि ते महागही नाहीत : पीठ मिसळण्याच्या जागी धूळ ओढून घेणारा पंखा, साचा कोरडा न फोडता पाण्यात विझवून फोडणे, कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने किंवा योग्य गाळणीच्या व्हॅक्यूमने सफाई आणि चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क. कापडी रुमाल हे कण अडवत नाही. अमेरिकेत आठ तासांच्या पाळीत हवेतील अशा सिलिकेची सरासरी मर्यादा दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम आहे. आपल्या कारखान्यातली हवा एकदा मोजून घ्यावी.

डाखात कॅडमियम असेल, तर झाळकाम करताना त्याचा धूर थेट कारागिराच्या नाकाशी असतो, कारण तो कामावर वाकून बसलेला असतो. कॅडमियम कर्करोगकारक आहे आणि मूत्रपिंडे निकामी करते. कॅडमियममुक्त डाख सहज मिळतो; पुरवठादाराकडून त्याचे लेखी प्रमाणपत्र घ्यावे. आम्ले आणि सायनाइड एकमेकांपासून दूर, वेगळ्या कुलपात ठेवावीत, कारण ती एकत्र आली तर जीवघेणा वायू तयार होतो. सांडपाण्याची व्यवस्था आणि बाहेर पडण्याचे दोन मोकळे मार्ग यांची पाहणी याच फेरीत उरकता येते. मौल्यवान मालाच्या भीतीने दारे बाहेरून कुलूपबंद करण्याची सवय मात्र ताबडतोब मोडली पाहिजे. चोरी रोखायला इतर मार्ग आहेत; आग लागलेल्या खोलीत अडकलेल्या माणसाला दुसरा मार्ग नसतो.

कामाच्या अटींबाबत आधार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या करारांचा आहे. करार क्रमांक १३८ किमान वय साधारणपणे १५ आणि धोकादायक कामासाठी १८ ठरवतो. बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांविरुद्धचा १९९९ चा करार क्रमांक १८२ संघटनेच्या सर्व सदस्य देशांनी मान्य केला आहे. २०२२ पासून सुरक्षित आणि आरोग्यदायी कामाची जागा हादेखील मूलभूत हक्क मानला जातो. नियमित काम आठवड्याला ४८ तासांच्या आत आणि सात दिवसांत एक दिवस सुट्टी, ही हजेरीपटावरून तपासण्याची गोष्ट आहे. नगावर मजुरी असेल, तर पुढील हिशोब करावा : सामान्य गतीच्या कारागिराला नियमित तासांत किती नग होतात आणि त्याचे पैसे किमान वेतनाइतके भरतात का? भरत नसतील, तर जादा तास कारागिराच्या मर्जीने होत आहेत, असे म्हणता येणार नाही. नोकरी मिळवण्यासाठी त्याने मध्यस्थाला पैसे दिले का, त्याच्यावर उचल आहे का, त्याची ओळखपत्रे कोणी काढून ठेवली आहेत का, हे एकांतात आणि त्याच्या भाषेत विचारावे.

बाहेर दिलेले काम हा या पायरीचा सर्वांत अवघड भाग. जडाव, साखळ्या जोडणे, पॉलिश ही कामे पोटकंत्राटावर आणि तिथून घराघरांत जातात. अशा प्रत्येक जागेची यादी हवी आणि मालाच्या चिठ्ठीवर काम प्रत्यक्ष कोठे झाले, ते लिहिलेले हवे. दिलेली मुदत आणि त्या जागेची क्षमता जुळत नसेल, तर काम आणखी पुढे कोणाकडे तरी जाते आहे, हे ओळखावे. मग आपण दिलेली मुदतच अवास्तव नाही ना, हेही पाहावे. अखेरच्या क्षणी बदललेली ऑर्डर घरातल्या मुलांच्या हातापर्यंत पोहोचू शकते.

सातवी पायरी : दावा आणि लेखापरीक्षण

नोंदी उभ्या राहिल्या, की जाहिरातीची भाषा तपासावी. ‘नैतिक’, ‘पर्यावरणस्नेही’, ‘संघर्षमुक्त’ हे शब्द एकटे वापरू नयेत. ‘या मालिकेतील सोने अमुक मानकानुसार प्रमाणित शुद्धीकरण कारखान्याचे आहे’ असे मर्यादित विधान कमी चमकदार असले, तरी ते सिद्ध करता येते. युरोपीय संघाचा २०२४/८२५ क्रमांकाचा निर्देश सप्टेंबर २०२६ पासून लागू होणार असून पुराव्याशिवाय केलेल्या सरसकट पर्यावरणविषयक दाव्यांना त्यात मज्जाव आहे. विक्री करणाऱ्या माणसाला ‘हे आम्हाला माहीत नाही’ असे सांगण्याची मुभाही द्यावी.

रिस्पॉन्सिबल ज्वेलरी कौन्सिलचे सदस्य झाल्यावर आधी स्वयंमूल्यांकन करायचे असते आणि मग संस्थेने मान्य केलेला त्रयस्थ लेखापरीक्षक कागद तपासतो, कारखाना पाहतो आणि कामगारांशी बोलतो. त्रुटी किरकोळ की गंभीर, हे ठरते आणि प्रत्येकीसाठी मुदतीसह सुधारणा योजना द्यावी लागते. आपल्याच नोंदवहीतून आधी सापडलेली आणि सुधारणा सुरू झालेली त्रुटी लेखापरीक्षकापुढे आपणहून ठेवावी. त्याच्या भेटीआधी कामगारांना उत्तरे पढवणारे मालक आपल्याच व्यवस्थेचा एकमेव खरा आरसा फोडतात. ज्यांना सदस्यत्वाचा खर्च झेपत नाही, त्यांनी दुसऱ्या ते सहाव्या पायरीपर्यंतचे काम पूर्ण करावे. अनेक खरेदीदारांना तेवढे पुराव्यासह दाखवले, तर चर्चा सुरू होते.

शेवटी वार्षिक अहवाल. चार-पाच पाने पुरतात. मालाचा किती हिस्सा कोणत्या टप्प्यापर्यंत शोधता आला, किती हिस्सा ‘अज्ञात’ राहिला, कोणत्या प्रकारच्या जोखमी सापडल्या, किती पुरवठादारांशी सुधारणा योजना झाली, किती व्यवहार थांबवले, कामगारांच्या तक्रारी कोणत्या आल्या आणि त्यांचे काय झाले, हे आकड्यांसह द्यावे. तक्रार करणाऱ्याचे नाव आणि व्यापारी गुपिते वगळता येतात. ‘अज्ञात’चा आकडा मात्र वगळू नये; पुढच्या वर्षीच्या अहवालात तोच आकडा मागच्या आकड्याशेजारी छापावा आणि तो वाढला असेल, तर कोणत्या प्रवाहामुळे वाढला, ते त्याच ओळीखाली लिहावे.